पारनेर ते टोकियो : अर्थशास्त्राच्या पदवीचा ताळेबंद

पारनेर तालुक्याला जपान आता परका राहिलेला नाही. नगर-पुणे रस्त्यावर सुप्याची औद्योगिक वसाहत आहे. २०१५ साली भारत आणि जपान सरकारांनी जपानी कारखान्यांसाठी देशभरातल्या ज्या मोजक्या जागा ठरवल्या, त्यांत सुप्याचं नाव आहे. अण्णा हजारेंचं राळेगणसिद्धीही याच तालुक्यातलं. सुप्यातल्या कारखान्यांमुळे या भागात बारावी झालेल्या मुलामुलींच्या घरी जपानचा विषय निघतो तो बहुधा नोकरीच्या अंगाने : भाषा आली तर कंपनीत चार पैसे जास्त मिळतील. पण एखादी मुलगी म्हणते, मला इंजिनिअरिंग नको, अर्थशास्त्र शिकायचंय, आणि पदवीलाच जपानला जायचंय. या मुलीला काय सांगायचं? एजंटांची पत्रकं सांगतात ते अर्धवट असतं आणि घरातली वडीलधारी माणसं घाबरून सांगतात तेही अर्धवटच. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा उलगडून पाहणं गरजेचं वाटलं.

शिकण्यासाठी जपानकडे पाहण्याची आपली रीत जुनी आहे. धोंडो केशव कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली, आणि १९१६ मध्ये पुण्यात भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. तळेगावच्या पैसाफंड काच कारखान्यात काचकाम शिकवणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये शिकून आले होते. मुंबईच्या कापसासाठी जमशेटजी टाटांनी जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी केली ती १८९३ मध्ये, आणि त्यामागे जपानच्या बाजूने शिबुसावा एइइची होते. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनांच्या नोटेवर याच शिबुसावांचं चित्र आहे. त्याआधी त्या नोटेवर होते फुकुझावा युकिची, केइओ विद्यापीठाचे संस्थापक. कारखानदारी उभी करणारा आणि विद्यापीठ काढणारा असे दोघे जण एकाच नोटेवर पाठोपाठ यावेत, यात त्या देशाची अर्थविचाराकडे पाहण्याची नजर दिसते.

आपल्याकडून अर्थशास्त्र शिकायला मात्र लोक पश्चिमेकडे गेले. एल्फिन्स्टनमधून १९१२ साली अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेले आंबेडकर कोलंबियाला आणि पुढे लंडनला गेले. केंब्रिजला शिकलेले धनंजयराव गाडगीळ परत येऊन १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. या दोघांची नावं इथे घ्यायचं कारण आहे. आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. आणि गाडगिळांनी याच नगर जिल्ह्यात, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटलांच्या खांद्याला खांदा लावून सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचं अध्यक्षपदही सांभाळलं. अर्थशास्त्राचा प्राध्यापक उसाच्या शेतकऱ्यांच्या सभेत बसून भागभांडवलाचा हिशेब समजावतो, हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. लहान जमीन आणि सहकार या दोन गोष्टींवर जपानमध्ये जेवढं काम झालं तेवढं फार थोड्या देशांत झालं असेल. तरीही आपला विद्यार्थी तिकडे वळला नाही, कारण आड आली भाषा.

आता जपानी पदवीची रचना बघू. अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर्ष एप्रिलला सुरू होतं, पदवीला किमान १२४ क्रेडिट लागतात. पहिल्या वर्षी सर्वसाधारण विषय, थोडं गणित, संख्याशास्त्र, सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्राची ओळख. व्याख्यानाच्या वर्गात शेकडो मुलं. खरं सांगायचं तर पहिल्या दोन वर्षांच्या ढिलाईवर जपानमध्येही टीका होते, आणि ती रास्त आहे. प्रवेशपरीक्षेसाठी जीव तोडून अभ्यास केलेली मुलं आत आल्यावर सैलावतात. खरा अभ्यास सुरू होतो तिसऱ्या वर्षी, 'झेमी'मध्ये.

झेमी म्हणजे एका प्राध्यापकाभोवती जमलेला दहा-पंधरा मुलांचा गट. तिसऱ्या वर्षी विद्यार्थी एका झेमीत प्रवेश घेतो आणि बहुधा दोन वर्षं तिथेच राहतो. दर आठवड्याला एका विद्यार्थ्याने ठरलेल्या पुस्तकाचं प्रकरण किंवा स्वतःचं काम कागदावर थोडक्यात मांडून सगळ्यांना वाटायचं, मग ते समजावून सांगायचं. वरच्या वर्षाची मुलं प्रश्न विचारतात, प्राध्यापक बराच वेळ गप्प बसतो आणि शेवटी बोलतो. सुट्टीत अख्खी झेमी चार दिवस कुठेतरी मुक्कामाला जाते, तिथेही सादरीकरणं चालतात. चौथ्या वर्षाच्या शेवटी पदवीचा प्रबंध. तो फार मोठा नसतो, पण विषय स्वतःचा असतो. आपल्याकडे बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला प्रश्नपेढीवर भर असतो, तेव्हा तिकडच्या मुलाला 'तुझा प्रश्न काय?' असं विचारलेलं असतं. जपानी पदवीत घेण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ते हे. मात्र त्याच काळात नोकरीची शोधाशोध सुरू होते, मुलं काळा सूट घालून मुलाखतींना पळतात आणि झेमीचे वर्ग ओस पडतात. कंपन्यांना विषयाशी फारसं देणंघेणं नसतं, एप्रिलमध्ये ताजे पदवीधर एकगठ्ठा घ्यायचे ही रीत. म्हणजे चांगली झेमी मिळाली तर सोनं, नाहीतर चार वर्षांत विद्यापीठाचं नाव तेवढं पदरात पडतं.

गणिताबद्दल एक सांगायला हवं, कारण ते आपल्या मुलांशी थेट जोडलेलं आहे. जपानमध्ये अर्थशास्त्र कला-मानव्य बाजूचा विषय मानला जातो, आणि खासगी विद्यापीठांत गणिताशिवाय त्यात प्रवेश मिळत आला. वासेदा विद्यापीठाच्या राज्यशास्त्र-अर्थशास्त्र विद्याशाखेने २०२१ पासून प्रवेशासाठी गणित सक्तीचं केलं, तेव्हा तिकडे मोठी चर्चा झाली. आपल्या तालुक्यात अकरावीला कला शाखा घेणारी मुलगी गणित सोडून मोकळी होते आणि तिला वाटतं, अर्थशास्त्र तर आहेच. परदेशाचं नाव काढायचं तर तिने गणित सोडता कामा नये. जपानी सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेत अर्थशास्त्रासाठी इंग्रजी आणि जपानीबरोबर गणिताची प्रश्नपत्रिका असते. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या ईजेयू परीक्षेतही मानव्य बाजूच्या मुलांना गणित आणि 'जपान आणि जग' हे विषय बहुतेक विद्यापीठं मागतात.

शिकवण्याचा आशयही डोळसपणे बघायला हवा. युद्धानंतर कित्येक दशकं जपानी विद्यापीठांत दोन अर्थशास्त्रं शेजारी-शेजारी शिकवली जात होती, एक मार्क्सवादी आणि दुसरं ज्याला तिकडे 'आधुनिक' म्हणत ते. टोकियो विद्यापीठातल्या उनो कोझोंची मार्क्सवादी परंपरा जगभर अभ्यासली गेली. १९९० नंतर ही वाटणी विरघळत गेली आणि आता पाठ्यपुस्तकं बरीचशी अमेरिकी वळणाची आहेत. तरीही जपानच्या अर्थशास्त्रज्ञांचं आपलं असं काही आहे, आणि ते पारनेरच्या मुलीच्या कामाचं आहे. हायामी युजिरो यांनी शेतीतली सुधारणा जमीन आणि मजूर यांच्या टंचाईप्रमाणे कशी वळण घेते ते मांडलं, आणि किकुची मासाओंच्या साथीने फिलिपिन्समधल्या एका भातगावाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. उझावा हिरोफुमी शिकागोला नावाजलेले गणिती अर्थशास्त्रज्ञ होते. १९६८ मध्ये ते टोकियोला परतले, मिनामातासारख्या ठिकाणचं प्रदूषण त्यांनी पाहिलं, आणि १९७४ मध्ये मोटारीचा समाजाला पडणारा खर्च मोजणारं छोटं पुस्तक लिहिलं. नदी, जंगल, रस्ते, शाळा, दवाखाना ही समाजाची सामाईक भांडवलं आहेत, ती बाजाराच्या किंवा सरकारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाहीत, हा त्यांचा पुढचा विचार. असली पुस्तकं त्यांनी स्वस्त, खिशात मावणाऱ्या आवृत्तीत, साध्या जपानीत, सामान्य वाचकासाठी लिहिली. माझ्या मते उझावा वाचायला मिळणं हे एकच कारण जपानी शिकायला पुरेसं आहे.

आता राळेगणकडे येऊ, कारण त्या मुलीला काय सांगायचं या प्रश्नाचं उत्तर तिथल्या मातीतून येतं. १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावात परतले तेव्हा गाव दुष्काळाचं, दारूच्या भट्ट्यांचं, रोजगारासाठी बाहेर पडणाऱ्या माणसांचं होतं. आधी यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. गळणाऱ्या पाझर तलावाची दुरुस्ती झाली, नाल्यांवर बंधारे पडले, डोंगरउतारावर झाडं लागली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे. धान्य बँक निघाली. उसासारख्या पाणीपिऊ पिकावर बंधन आलं. अण्णांच्या आधी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली होती. तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर नव्हता, घरातल्या माणसांच्या संख्येवर होता, भूमिहीनालाही होता. अण्णा ते पाहून आले होते. आणि नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यावर पडलेल्या पावसाचा दरवर्षी ताळेबंद मांडून त्यावरून पिकं ठरायला लागली.

हे सगळं आपण समाजसेवा या खात्यात टाकतो. ते अर्थशास्त्र आहे, आणि अव्वल दर्जाचं. चराईबंदी म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही पण चार शेळ्या आहेत त्याचा तोटा आणि ज्याची विहीर खाली आहे त्याचा नफा. त्याची भरपाई कोणी, कशी केली? ऊस सोडणाऱ्याने नेमकं काय सोडलं? दारू पिणाऱ्याला मंदिराजवळच्या खांबाला बांधून मारल्याची गोष्ट अण्णांनीही नाकारलेली नाही. मग या नियमांत सहमती किती आणि धाक किती? हे प्रश्न बी.ए.च्या कुठल्याही पेपरात येत नाहीत.

जपानच्या अर्थशास्त्रात मात्र ते येतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनसंपत्तीवरच्या कामासाठी. त्यांच्या १९९० च्या पुस्तकात हिरानो, नागाइके आणि यामानोका या जपानी गावांची उदाहरणं आहेत. या गावांत डोंगरावरचं गवत आणि सरपण कोणत्या दिवशी, किती, कोणत्या घराने न्यायचं ते ठरलेलं असे. गावाचे राखणदार फिरत, नियम मोडणारा सापडला तर त्याच्याकडून रोख दंड किंवा साके ही दारू घेत, आणि ती साके राखणदारांनीच पिण्याची पद्धत होती. राळेगणला दारू पिणं हाच गुन्हा होता, तिथे दारू हा दंड होता, पण दोन्हीकडे मागचं गणित एकच : सामाईक डोंगर वाचवायचा तर मोडणाऱ्याला लागलीच, परवडेल इतकी आणि सगळ्यांना कळेल अशी शिक्षा हवी. जपानमध्ये १९४९ च्या जमीन सुधारणा कायद्याने पाटपाण्याच्या संघांना कायदेशीर रूप दिलं, आणि त्यांत लाभधारक शेतकरीच सभासद असतात. आपल्याकडच्या पाणीवापर संस्था कागदावर का राहतात, हे समजून घ्यायला याहून चांगली तुलना सापडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अर्थशास्त्रासाठी जपानला जाणं सार्थकी लागतं ते दोन अटींवर : अभ्यास जपानी भाषेतून करायचा, आणि प्रश्न आपल्या गावाचा न्यायचा. इंग्रजीतून पदवी देणारे अभ्यासक्रम तिथे आहेत. केइओचा अर्थशास्त्राचा इंग्रजी अभ्यासक्रम २०१६ पासून चालतो, वासेदात तो त्याआधीपासून आहे, बेप्पूचं आशिया पॅसिफिक विद्यापीठ २००० साली निघालं तेच दोन भाषांचं. तिथे निम्म्याच्या आसपास मुलं परदेशी असतात आणि शुल्कात मोठी, कधी पूर्ण सूट मिळते. हे सगळे चांगले आहेत. पण इंग्रजीतून जे शिकवतात ते सूक्ष्म, समग्र, अर्थमिती पुण्यातही शिकता येतं, आणि तेवढ्यासाठी समुद्र ओलांडायचा तर हिशेब जुळत नाही.

तो हिशेब मांडून बघू. राष्ट्रीय विद्यापीठांचं ठरीव वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन, प्रवेशशुल्क २,८२,००० येन. टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून वार्षिक शुल्क ६,४२,९६० येन केलं. ठरीव दराने चार वर्षांचे २४,२५,२०० येन होतात. राहण्याखाण्याचे महिन्याला १,१०,००० येन धरले तर चार वर्षांचे आणखी ५२,८०,००० येन. दोन्ही मिळून ७७ लाख येन, म्हणजे ५६ पैशांनी येन धरला तर ४३ लाख रुपये. खासगी विद्यापीठात शुल्क दुप्पट किंवा जास्त. पारनेरचा शेतकरी हा आकडा कांद्यात मोजेल. भाव क्विंटलला १,५०० रुपये आणि उतारा एकरी १०० क्विंटल धरला, तर २८ ते २९ एकरांचं अख्खं पीक, तेही लागवडीचा खर्च वजा न करता. बँकेकडे गेलं तर साडेसात लाखांपुढच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण धरत नाहीत. शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्या मुख्यतः पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहेत. ज्याच्याकडे जमिनीशिवाय काही नाही त्याच्या पोरीला पदवीसाठी परदेशी जाणं या व्यवस्थेने जवळजवळ बंदच करून टाकलंय, हे स्पष्टपणे म्हणायला हवं.

शिक्षण घेताना काम करता येतं, परवानगी काढून आठवड्याला २८ तास. तासाला हजार-बाराशे येन मिळतात, त्यातून राहण्याखाण्याचा बराचसा भार निघतो. पण रात्री दुकानात उभं राहून सकाळी झेमीत बसणारी मुलं भाषेत मागे पडतात, आणि भाषेत मागे पडलं की पदवीचा गाभाच हातून जातो. एजंट हाच रस्ता सोपा म्हणून दाखवतात. मला तो धोक्याचा वाटतो.

खरा मार्ग एकच दिसतो, जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची मेक्स्ट शिष्यवृत्ती. शुल्क माफ, जायचं-यायचं भाडं, आणि महिन्याला १,१७,००० येन, म्हणजे ६५ हजार रुपयांच्या घरात. पहिलं वर्ष केवळ जपानी भाषा आणि तयारीचं, टोकियो परदेशी अभ्यास विद्यापीठात किंवा ओसाकात, आणि त्यानंतर चार वर्षांची पदवी. अर्ज वकिलातीमार्फत करायचा. परीक्षा कठीण आणि जागा फार थोड्या. पण जातधर्म, जमीनजुमला, तारण काही लागत नाही, लागतं ते गणित आणि इंग्रजी. जपानीचा पेपर कोरा गेला तरी निवड होऊ शकते, मात्र आधीपासून येत असेल तर पहिल्या वर्षाचा जाच कमी होतो.

आणि इथे नगरच्या मुलांची एक बाजू भक्कम आहे. जपानी भाषा शिकण्याची जुनी आणि दाट सोय पुण्यात आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, कितीतरी खासगी वर्ग. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेचं केंद्रही पुण्यातच. मराठी मुलाला वाक्यरचना जड जात नाही, क्रियापद शेवटीच येतं आणि विभक्तीचं काम नामाला मागून जोडलेले शब्दच करतात. जड जाते ती लिपी, २,१३६ नेहमीच्या वापराची चिन्हं. ती अकरावीपासून रोज थोडी थोडी गिरवली तर बारावीनंतर हाताशी बरंच काही असतं, आणि शिष्यवृत्ती मिळाली नाही तरी सुप्यात, पुण्यात त्याला मोल आहेच. म्हणून मी पालकांना सांगेन, जपानला जायचं ठरण्याआधी जपानी सुरू करा आणि गणित सोडू देऊ नका. मेक्स्ट मिळाली तर बिनदिक्कत पाठवा. नाही मिळाली तर कर्ज काढून पदवीला पाठवू नका. पुण्यात अर्थशास्त्राची पदवी होऊ द्या, जपानी चालू ठेवा आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पुन्हा प्रयत्न करा. तेव्हा शिष्यवृत्त्याही अधिक आहेत आणि प्रश्नही पिकलेला असतो.

जपान आज कोणत्या अवस्थेत आहे हेही ध्यानात घ्यावं. तिथली लोकसंख्या २००८ पासून घटते आहे, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त आहे, बँक ऑफ जपानने २०१६ ते २०२४ उणे व्याजदर चालवून पाहिला. मुंबईची भुयारी मेट्रो ज्या येन-कर्जावर उभी राहिली आणि अहमदाबादची बुलेट ट्रेन उभी राहते आहे ते कर्ज इतकं स्वस्त का, हे या विद्यार्थ्याला आतून समजेल. आणि गावं म्हणाल तर जपानी खेडी म्हातारी झालीत. पाटपाण्याच्या संघांना कालवा साफ करायला माणसं मिळत नाहीत, सामाईक डोंगरांकडे बघायला कुणी नाही.

राळेगणलाही हाच प्रश्न आज ना उद्या भेटणार. सुप्याला पाळीवर जाणारा तरुण श्रमदानाच्या दिवशी गावात नसेल, आणि त्याच्या पगारापुढे बंधाऱ्यातल्या पाण्याची किंमत घरात कमी वाटायला लागेल. चौथ्या वर्षाच्या प्रबंधासाठी याहून चांगला विषय मला सुचत नाही : कारखान्याची मजुरी वाढली की सामाईक पाण्याचे नियम टिकतात की सुटतात? साहित्य गावातच आहे. ग्रामसभेची इतिवृत्तं, दूध संस्थेच्या वह्या, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या विहिरींच्या नोंदी, तलाठ्याकडचा पीकपेरा. तुलनेसाठी जपानमधल्या पाटपाण्याच्या एखाद्या संघाचे तेवढ्याच वर्षांचे सभासदांचे आणि साफसफाईच्या हजेरीचे आकडे घ्यावेत. ते मिळवायला तिथल्या शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलावं लागेल.